काखेत गाठ, गावाला वळसा

पिसू किती उंच उडते, सांगा बघू? माझी धाकटी नात म्हणते, माणसाच्या डोक्याएवढी. थोरला नातू म्हणतो, गुडघ्याएवढी. दोघंही चुकलात. घरातल्या उंदराच्या अंगावर राहणारी आपल्याकडची पिसू जमिनीवरून फार तर चार इंच उडते. बस्स, चार इंच! यात एवढं सांगण्यासारखं काय, असं तुमच्या तोंडावर दिसतंयच. पण ही उडी मोजावी असं माणसाच्या डोक्यात यायला विसावं शतक उजाडावं लागलं, आणि तोवर या देशात लाखो माणसं प्लेगनं गेली होती. त्या चार इंचांचीच आज गोष्ट आहे. तिच्यात एक बादशहा आहे, एक मांजर आहे, एक काचेची बरणी आहे आणि आपल्या चिंचवडचे तीन भाऊ आहेत.

चापेकर चौकातून तुमची रोजची ये-जा. दामोदर, बाळकृष्ण आणि वासुदेव हे तिघे याच गावचे. त्यांचा वाडा आजही गावात आहे. त्यांनी रँड या इंग्रज अधिकाऱ्याला का मारलं, ते शाळेच्या पुस्तकात एका ओळीत उरकतात: प्लेगच्या साथीत त्यानं पुण्यात जुलूम केला. ते खरंच आहे. पण मागे धाकटीनं मला विचारलं होतं, “आबा, ते गोरे सोजीर लोकांच्या घरात घुसून शोधत काय होते?” पुस्तक लिहिणाऱ्यालाही सुचला नसता असा प्रश्न. ते गाठ शोधत होते.

आपल्या अंगात रक्तवाहिन्यांखेरीज आणखी एक बारीक नळ्यांचं जाळं असतं, लसीकेचं. त्या नळ्यांच्या वाटेवर काखेत, जांघेत, मानेत लसीकाग्रंथी असतात. बाहेरून शिरलेल्या जंतूला अडवायचं काम त्यांचं. प्लेगचा जंतू मात्र असा चिवट की तो अडवणाऱ्या ग्रंथीतच ठाण मांडून वाढतो. ग्रंथी सुजते, ठणकते, आणि गाठ वर येते. जंतू पायातून शिरला तर गाठ जांघेत, हातातून शिरला तर काखेत. म्हणजे रोग अंगात कुठून आला हे ती गाठच बोट दाखवून सांगत असते. आणि प्लेगच्या रोग्यांत सगळ्यात जास्त गाठी कुठे यायच्या? जांघेत. पायाकडून.

या गाठी डॉक्टरांनी पाहिल्या, मोजल्या, रजिस्टरात लिहिल्या. अनुमान काय काढलं? इथले लोक अनवाणी चालतात, म्हणून जमिनीतला जंतू पायाच्या भेगांतून आत जात असणार! जमिनीवर काही उडतंय, चावतंय, अंगाला खाज येतेय, हे प्रत्येकाला ठाऊक होतं. पण पिसू म्हणजे रोजचीच. रोजच्या गोष्टीवर संशय घ्यायचा असतो हे शिकायला फार वेळ लागतो.

तर १८९७ साल. मुंबईत आदल्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेग ओळखला होता, आणि हिवाळ्यात तो पुण्यात पोहोचला. ४ फेब्रुवारीला साथरोगांचा कायदा झाला. हो, तोच कायदा, जो २०२० मध्ये करोनाच्या वेळी पुन्हा बाहेर काढला. साथ आवरायला वॉल्टर चार्ल्स रँड या अधिकाऱ्याला पुण्यात आणलं आणि १३ मार्चपासून लष्कराच्या तुकड्या घरोघर शिरू लागल्या. बायाबापड्यांच्या काखा-जांघा तपासायच्या. संशय आला की रोगी इस्पितळात आणि घरचे वेगळ्या छावणीत. अंथरूण-पांघरूण जाळायचं, जमीन उकरायची, जंतुनाशक कार्बोलिकचं पाणी ओतायचं, भिंतींना चुना मारायचा. देवघरापर्यंत बूट गेले. ही मोहीम सुरू व्हायच्या तीनच दिवस आधी, १० मार्चला, सावित्रीबाई फुले प्लेगनं गेल्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला उचलून त्यांनी हडपसरला आपल्या दत्तक मुलाच्या, यशवंतरावांच्या दवाखान्यात आणलं होतं.

२२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड आणि आयर्स्ट नावाचा लष्करी अधिकारी यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. आयर्स्ट जागीच मेला, रँड ३ जुलैला. दामोदर चापेकरांना १८ एप्रिल १८९८ रोजी येरवड्यात फाशी दिली. ही तारीख लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता या मोहिमेतला उफराटा न्याय बघा. घर कार्बोलिकनं धुतलं की उंदीर पळून शेजारच्या घरात जायचे आणि त्यांच्या अंगावरच्या पिसवाही. साथ आवरायला आलेली माणसंच साथीला पुढचं दार उघडून देत होती. लोकांना घरातून मोकळ्या जागी हलवणं मात्र बरोबर होतं, फक्त ते का बरोबर आहे हे हलवणाऱ्यांना ठाऊक नव्हतं. त्यांना वाटत होतं आपण माणसाला माणसापासून तोडतोय. तुटत होता तो माणसाचा आणि उंदराचा संबंध. गाठीच्या प्लेगात रोग्याची सेवा करणाऱ्याला सहसा प्लेग होत नसे. इस्पितळातल्या परिचारकांकडे नुसतं बघितलं असतं तरी हे कळलं असतं. (प्लेग फुप्फुसात उतरला तर तो खोकल्यातून पसरतो, ती गोष्ट निराळी.)

“पण आबा, उंदीर मरतात हे कोणाला दिसलं नव्हतं का?”

अरे, सगळ्यांना दिसलं होतं! तीच तर गंमत आहे. माझी आजी, म्हणजे तुमची खापरपणजी, सही करताना अंगठा उठवायची. पण ती सांगायची, “उंदीर पडलं की गाव सोडायचं.” आढ्यावरून उंदीर पटापट खाली पडून मरायला लागले की माणसं भांडीकुंडी, शेरडं-करडं घेऊन रानात झोपड्या घालायची आणि दोन-तीन महिने तिथंच राहायची. तिकडे गढवाल-कुमाऊंच्या डोंगरातही लोक हेच करत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर तिकडे गेलेल्या इंग्रज डॉक्टरांनी हे लिहूनही ठेवलंय.

त्याच्याही आधी, १६१९ च्या सुमारास, जहांगीर बादशहानं आपल्या आठवणींत एक हकिकत नोंदवली आहे. आग्र्यात साथ चालू होती. आसफखानाच्या मुलीनं बादशहाला सांगितलं, की आमच्या अंगणात एक उंदीर दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खात आला. मांजरानं त्याला धरलं आणि लगेच किळस येऊन टाकून दिलं. मग मांजर आजारी पडलं. मग एका दासीला गाठ आली. आठ-नऊ दिवसांत त्या घरची सतरा माणसं गेली. बादशहानं हे सगळं बारकाईनं लिहिलं. उंदीर, मांजर, दासी, सतरा माणसं, सगळं ओळीनं लावलं. आणि पुढच्या विषयाकडे वळला! हातात धाग्याचं टोक आलं होतं.

१८९४ मध्ये हाँगकाँगला पाश्चरचा शिष्य अलेक्झांडर येर्सिन यानं प्लेगचा जंतू शोधला, तेव्हा त्यालाही रस्त्यात मेलेले उंदीर दिसले. त्यानं ते कापून पाहिले आणि त्यांत तोच जंतू सापडला. मुंबईच्या मांडवीत धान्याच्या वखारींमधून मेलेल्या उंदरांची दुर्गंधी सुटली होती. म्हणजे अडाणी म्हातारीपासून पाश्चरच्या शिष्यापर्यंत सगळ्यांना उंदीर दिसला होता. अडलं होतं ते पुढच्याच पावलावर.

थोरला चाकणला कंपनीत क्वालिटीमध्ये आहे. पार्ट रिजेक्ट झाला की त्यांच्याकडे ‘व्हाय-व्हाय’ करतात. पाच वेळा ‘का’ विचारायचं, मूळ कारण सापडेपर्यंत थांबायचं नाही. आपण प्लेगचं करून बघू. माणूस का मेला? जंतूमुळे. जंतू आला कुठून? उंदरातून. उंदरातून माणसात गेला कसा? इथे लाइन बंद! कोणी म्हणे हवेतून, कोणी म्हणे धुळीतून, कोणी म्हणे उंदरानं बाटवलेल्या धान्यातून. तुमच्या ऑडिटरला असली उत्तरं चालतील का? तेव्हा मोठमोठ्या कमिशनांना चालली.

त्या तिसऱ्या ‘का’ला भिडला तो पॉल-लुई सिमाँ नावाचा फ्रेंच डॉक्टर. येर्सिनचं सीरम (रक्तद्रव) रोग्यांना टोचायला तो १८९७ मध्ये मुंबईला आला होता. सीरम काही फार चाललं नाही, पण याचे डोळे चालले. काही रोग्यांच्या पायावर, मऊ कातडीवर, त्याला टाचणीच्या डोक्याएवढा बारीक फोड दिसला. गाठ यायच्या आधीचा. फोडातलं पाणी सूक्ष्मदर्शकाखाली धरलं तर त्यात प्लेगचे जंतू! म्हणजे जंतू इथून, या टिंबातून आत शिरला. असं टिंब कशानं पडतं? भेगेनं नाही पडत. चाव्यानं पडतं.

मग त्यानं दुसरी गोष्ट हेरली. लोकरीच्या एका कारखान्यात सकाळी कामगार आले तर जमिनीवर ढीगभर मेलेले उंदीर. वीस कामगारांना ते उचलायला लावलं. तीन दिवसांत त्यांतल्या दहा जणांना प्लेग झाला. कारखान्यातल्या बाकी कोणालाच नाही. पण ज्यांनी मरून बराच वेळ झालेले, गार पडलेले उंदीर उचलले, अशा लोकांना मात्र काही होत नसे. आता विचार करा. उंदीर तोच, जंतू तेच, हात तसेच. ताजा उंदीर मारतो आणि शिळा मारत नाही, तर मधल्या वेळात त्या उंदरावरून काय निघून गेलं?

पिसवा. धडधाकट उंदीर दिवसभर अंग चाटून, खाजवून साफ ठेवतो, त्याच्यावर पिसवा थोड्या. आजारी उंदराला ते होत नाही, त्याच्यावर पिसवांचा बाजार भरतो. पिसवेला लागतं ऊन रक्त. उंदीर मेला, अंग गार पडायला लागलं, की तिला ते कळतं आणि ती उडी मारून दुसरं ऊबदार अंग शोधते. दुसरा उंदीर मिळाला तर उंदीर. घरातले सगळेच उंदीर मेले असतील तर मग जमिनीवर झोपलेला माणूस.

नुसतं मनात येऊन भागत नाही, सिद्ध करावं लागतं. सिमाँनं कराचीत हॉटेलच्या खोलीत प्रयोग मांडला. मोठी काचेची बरणी घेतली, तळाशी वाळू. प्लेग झालेल्या माणसाच्या घरात सापडलेला आजारी उंदीर तिच्यात सोडला. उंदरावर पिसवा कमी पडायला नकोत म्हणून हॉटेलात हिंडणाऱ्या एका मांजराच्या अंगावरच्या काही पिसवाही उसन्या घेतल्या. मांजरानं कुरकुर केली नसावी. मग त्याच बरणीत जाळीच्या छोट्या पिंजऱ्यात एक निरोगी उंदीर टांगला. जाळी अशी, की दोघांचा एकमेकांना स्पर्श होणार नाही, पण पिसू आरपार जाईल. आजारी उंदीर मेला, त्याला तसाच पडू दिला. काही दिवसांनी वरचा निरोगी उंदीरही मलूल झाला आणि मेला. कापून पाहिला तर गाठी आणि जंतूच जंतू. ज्या बरणीत पिसवाच नव्हत्या, तिथला निरोगी उंदीर आजारी उंदराशेजारी राहूनही ठणठणीत.

तो दिवस होता २ जून १८९८. आता मघाची तारीख आठवा. दामोदर चापेकर फासावर जाऊन जेमतेम दीड महिना झाला होता. बाळकृष्ण आणि वासुदेव अजून जिवंत होते; ते दोघे १८९९ च्या मे महिन्यात फासावर गेले.

रँडला पिसू कळली असती तर पुण्यात जुलूम झाला नसता, असं मात्र मी म्हणणार नाही. काय शोधायचं ते कळलं नव्हतं हे अज्ञान. कसं शोधायचं, कोणाच्या घरात कसं पाऊल टाकायचं, ती सत्तेची मस्ती. पहिल्यावर सूक्ष्मदर्शक हा इलाज आहे, दुसऱ्यावर नाही.

सिमाँनं शोधनिबंध छापला आणि लोक हसले! हिंदुस्थानात नेमलेल्या प्लेग कमिशननं त्याचं म्हणणं बाजूला सारलं. युरोपातल्या काही शास्त्रज्ञांनी तिकडच्या उंदरांच्या पिसवा माणसाच्या हातावर सोडून पाहिल्या, त्या चावेनात. झालं, निकाल लागला: उंदराची पिसू माणसाला चावत नाही, सबब सिमाँ चूक. पिसवांच्या जाती वेगळ्या असू शकतात, थंड देशातल्या उंदराची पिसू वेगळी आणि मुंबईच्या उंदराची वेगळी, हे कोणी बघितलंच नाही. आपल्याकडच्या जातीला नाव मिळालं १९०३ मध्ये. चार्ल्स रॉथशिल्ड नावाच्या पिसवांच्या शौकीन माणसानं (असेही शौक असतात) सुदानात सापडलेल्या नमुन्यावरून तिला इजिप्तच्या पिरॅमिडवाल्या राजाचं नाव दिलं: झेनोप्सायला किऑप्सिस. ही बया उंदीर नसला तर माणसावर बिनदिक्कत ताव मारते.

ते मुंबईत दाखवलं विल्यम ग्लेन लिस्टन या डॉक्टरनं. एरवी माणसांच्या अंगावरून पिसवा गोळा केल्या तर त्या माणसाच्याच जातीच्या निघायच्या. उंदराची पिसू शेकड्यांत एखादीच. पण १९०४ च्या सुमारास एका चाळीत उंदीर पटापट मेले आणि मग रहिवाशांना पिसवांचा ताप सुरू झाला. लिस्टननं तिथल्या माणसांच्या अंगावरच्या तीस पिसवा मिळवल्या. त्यांतल्या चौदा उंदराच्या! चाळीतल्या बायकांना हे त्याच्याही आधी जाणवलं असणार. उंदीर मेले आणि घरात पिसवा झाल्या, ही बातमी नळावर आधी पोहोचते, प्रयोगशाळेत नंतर.

मग १९०५ मध्ये नवं प्लेग संशोधन कमिशन बसलं, मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत. आज तिला आपण हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणतो. या लोकांनी काम मात्र नामी केलं. आवारात मुद्दाम छोट्या छोट्या कोठ्या बांधल्या. एका कोठीत प्लेग झालेले आणि निरोगी गिनीपिग एकत्र सोडले, पण पिसू एकही येऊ दिली नाही. एकाच थाळीत खाल्लं, अंगाला अंग लावून झोपले, रोगी आयांचं दूध पिल्लांनी प्यायलं. एकालाही प्लेग झाला नाही. दुसऱ्या कोठीत पिसवा होत्या. तिथे साथ पसरली.

आणि मग ते चार इंच. कोठीत जनावरांचे पिंजरे वेगवेगळ्या उंचीवर ठेवले. जमिनीपासून दोन इंचांवरच्या पिंजऱ्यातलं जनावर प्लेगनं मेलं. दोन फुटांवर टांगलेलं वाचलं. हवा दोघांनाही तीच होती. हवेतून रोग येता तर दोघंही मेले असते. पिंजऱ्याभोवती माश्या चिकटवायच्या कागदाचा सहा इंच रुंद पट्टा घातला की जमिनीवरचं जनावरही वाचलं, कारण पिसवेला चार इंचांपलीकडे उडी जमत नाही आणि ती पट्ट्यावर चिकटून बसते. इतका साधा प्रयोग! यंत्र नाही, रसायन नाही. एक चिकट कागद आणि एक फूटपट्टी. जहांगीराच्या काळीही कोणी करू शकलं असतं.

या कमिशननं मुंबईत वर्षभरात लाखावर उंदीर तपासले. उंदरांत साथ आली की त्यानंतर दहा ते चौदा दिवसांनी माणसांत येते, असं त्यांच्या आकड्यांतून निघालं. का, तेही जुळलं. उंदीर मेल्यावर पिसू काही दिवस उपाशी राहते, मग माणसाला चावते, मग रोग अंगात मुरायला तीन दिवस, मग आजार. माझ्या आजीचं ‘उंदीर पडलं की गाव सोडायचं’ हे या हिशोबात अचूक बसतं. दहा दिवसांची सवलत निसर्ग देत होता, आणि ती ज्यांना वापरता आली ते बहुतेक निरक्षर होते. सरकार तेव्हा रेल्वे स्टेशनांवर उतारूंच्या नाड्या तपासत होतं. त्याच मुंबई-पुणे लाइनवर मालडब्यातल्या पोत्यांत पिसवा बिनतिकिट घाट चढून येत होत्या. पोत्याच्या कोंड्यात पिसू कित्येक दिवस रक्तावाचून तग धरते.

आता या गोष्टीतलं सगळ्यात अजब प्रकरण सांगतो. ते उलगडलं १९१४ मध्ये, लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये. बॅकट आणि मार्टिन या संशोधकांनी. पिसवेच्या जठराच्या तोंडाशी आतल्या बाजूनं काट्यांची एक झडप असते. प्यायलेलं रक्त मागे येऊ नये म्हणून. प्लेगी उंदराचं रक्त पिसवेनं प्यायलं की जंतू त्या काट्यांमध्ये अडकून वाढतात, वाढता वाढता त्यांचा चिकट बोळा होतो आणि दार बंद! पिसू रक्त ओढते, ते जठरात उतरतच नाही. तिला भूक लागलेलीच. ती पुन्हा चावते, पुन्हा ओढते, घशाशी रक्त दाटतं, आणि ते जंतूंसकट चाव्याच्या जखमेत उलटं येतं. पोट रिकामंच, म्हणून पुन्हा दुसऱ्याला चावते. उपाशी मरेपर्यंत चावत सुटते. जंतूला पाय नाहीत, पंख नाहीत; वाहनाला उपाशी ठेवून तो आपला प्रवास करून घेतो. यात त्याचा काही बेत नाही बरं का. तो आपला चिकट होतो आणि वाढतो, एवढंच. ज्या जंतूंना हा चिकटपणा जमला ते पुढच्या अंगात पोहोचले, बाकीचे पिसवेबरोबर संपले. लाखो चाव्यांतून निसर्गानं केलेली ही निवड.

आणि उन्हाळा कडक झाला की साथ का ओसरायची? कोरड्या उष्ण हवेत पिसवांचं आयुष्य घटतं, जठराच्या तोंडाशी बोळाही नीट टिकत नाही. लोक म्हणायचे देवी प्रसन्न झाली. सरकार म्हणायचं आमचा चुना लागू पडला.

धाकटी आता जांभया द्यायला लागली, म्हणून भराभर सांगतो. १९०७ या एका वर्षात हिंदुस्थानात बारा लाखांहून जास्त माणसं प्लेगनं गेली, आणि सगळ्या साथी मिळून एक कोटीच्या वर. कारण कळलं म्हणून दुसऱ्या दिवशी रोग थांबत नाही. उंदरांचा बंदोबस्त, पक्की घरं, धान्याच्या वखारी वस्तीपासून दूर, या गोष्टी हळूहळू झाल्या. रोग झालेल्याला खात्रीनं वाचवणारं औषध आलं ते आणखी उशिरा: स्ट्रेप्टोमायसीन, १९४३ मध्ये अमेरिकेत मातीतल्या एका सूक्ष्मजीवातून सापडलेलं. पेनिसिलीन प्लेगवर चालत नाही, हे चालतं.

आणि हे औषध पुढे पिंपरीत बनायला लागलं! १९५४ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये, आपल्या एचएमध्ये, आधी पेनिसिलीन आणि नंतर साठच्या दशकात स्ट्रेप्टोमायसीन. माझी उमेदीची वर्षं तिथेच गेली. एचएच्या संशोधकांना १९६१ च्या सुमारास त्याच कुळातला आणखी एक सूक्ष्मजीव मिळाला, त्याच्यापासून बुरशीवरचं हमायसिन हे औषध झालं, आणि त्या सूक्ष्मजीवाच्या जातीला नाव दिलं ‘पिंप्रिना’. जगातल्या जंतुशास्त्राच्या कोशात आपल्या पिंपरीचं नाव आहे. कारखान्यांची गावं पुष्कळ आहेत. हा मान किती जणांना मिळाला असेल?

प्लेग संपला असं मात्र समजू नका. किल्लारीच्या भूकंपानंतरच्या वर्षी, १९९४ च्या ऑगस्टमध्ये, बीड जिल्ह्यातल्या मामला गावात लोकांनी आधी तक्रार केली ती तापाची नाही. उंदीर पडताहेत आणि पिसवा फार झाल्यात, ही त्यांची तक्रार होती. गाठी नंतर आल्या. हा जंतू रानातल्या उंदरा-घुशींमध्ये अजून आहे.

तेव्हा थोरल्या, तुला आणि तुझ्या दोस्तांना सांगून ठेवतो. चाकण-म्हाळुंगेकडे आता जिकडेतिकडे गोदामं झालीत, शेजारी कांद्या-बटाट्याचा बाजार आहे, आणि जिथे माल तिथे उंदीर असणारच. एखादा मेला तर बहुतेक विषाची गोळी खाऊन मेलेला असतो. पण गोळ्या टाकलेल्या नसताना एकदम पाच-दहा उंदीर मेलेले दिसले, तर कंत्राटी पोराला हातानं उचलायला लावू नका. ताजे असतील तर मुळीच नाही. सगळ्यांना तिथून लांब करा. आधी पिसवांचा बंदोबस्त करायचा, उंदीर उचलायचे त्यानंतर. उलटं केलं तर पिसवा माणसांवर येतात. आणि त्याच दिवशी महापालिकेच्या किंवा जवळच्या सरकारी दवाखान्याच्या आरोग्य विभागाला फोन करा.